पट्टी आली की देतो

१९८६ सालचा रमजान मे महिन्यात आला होता. रत्नागिरीत आंब्याचा हंगाम भरात होता. आई आंबे भरायच्या कामावर जायची. शाळेला सुट्टी, म्हणून मीही तिच्यासोबत. लाकडी खोकी, खोक्यात पेंढा, पेंढ्यात हापूस. माझं वय दहा आणि आयुष्यातला पहिला रोजा. नाकात पिकल्या आंब्याचा वास, घसा मात्र कोरडा. आई एकदाच म्हणाली, "झेपत नसेल तर सोड हो." मी सोडला नाही. संध्याकाळी शेजारच्या काकूंनी गडग्यावरून दोन रायवळ आंबे दिले. "पोरानं रोजा धरलाय ना, त्याला दे." मगरिबची बांग झाली, पाण्याचा घोट घेतला आणि तो आंबा चोखला. ती चव अजून जिभेवर आहे.

रमजान आला की अशा आठवणी आपण सगळेच सांगतो. 'गरिबी होती, पण माणुसकी होती,' असं म्हणून थांबतो. मी आज थोडं पुढचं सांगणार आहे.

त्या वर्षी आईच्या तीन आठवड्यांच्या मजुरीचा हिशेब ईदपर्यंत झालाच नाही. विचारलं की एकच उत्तर, "मुंबईहून दलालाची पट्टी आली की देतो." बागवाल्याचंही खोटं नव्हतं, त्याचे पैसे खरंच अडकले होते. पण त्याच्या घरी चूल थांबली नाही. आमच्या ईदच्या शेवया आणि साखर वाणीकाकांनी वहीवर लिहून दिल्या. कपडे जुनेच धुऊन घातले. आई हसत होती, पण नमाजहून परतलेल्या बायकांत ती मिसळली नाही. पट्टी आली तेव्हा पाऊस सुरू झाला होता.

काकूंचा आंबा आणि वाणीकाकांची वही मी विसरणार नाही. पण हक्काची मजुरी वेळेवर मिळाली असती, तर आईला त्या वहीची गरजच पडली नसती. शेजाऱ्याची माया हवीच. मात्र तिच्या आडून मजुरी थकवणं झाकलं जाऊ नये.

चांद्रवर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांनी त्याच ऋतूत परत येतो. २०१९ साली तो पुन्हा मे महिन्यात आला. मधल्या काळात १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, लाकडी खोक्यांच्या जागी पुठ्ठ्याचे बॉक्स आले. बागेत राखणीला नेपाळी गडी आले, बोटींवर खलाशीही तिकडचेच. 'हिशेब नंतर' हे उत्तर मात्र अजून ऐकू येतं.

घाम सुकण्याआधी मजुराला मजुरी द्या, ही पैगंबरांची शिकवण आहे. ती मानायला मुसलमान असावं लागत नाही. रोजा असो, शिमगा असो वा गणपती, आपल्याकडे राबणाऱ्याचा हिशेब सणाआधी चुकता करावा. आणि माझ्या बांधवांना एक सांगणं: फित्रा ईदच्या सकाळपर्यंत खिशात ठेवू नका. तो रमजानमध्येच देता येतो. नमाजच्या वाटेवर हातात पडलेल्या पैशांतून पोराचा सदरा शिवून होत नाही.

यंदा रोजा सोडताना एवढं आठवा, आपल्याकडे कुणाची पट्टी अडकली आहे का?