फिदीफिदी हसणे हेही बोलणेच आहे



"आम्ही तिला एक शब्द तरी बोललो का? नुसतं हसलो." ही सबब आता पुरे झाली.

मराठीत हसण्याला शब्द काही कमी नाहीत. मूल खुदकन हसते, पोरी खिदळतात, मैत्रिणी भेटल्या की खळखळून हसतात. फिदीफिदी मात्र वेगळे. तोंडाला पदर लावायचा, शेजारणीला कोपर मारायचे आणि ज्याच्यावर हसलो त्याला पुरते कळेल एवढाच आवाज बाहेर सोडायचा. "मी फिदीफिदी हसले" असे कुणी स्वतःबद्दल सांगते का? हा शब्द नेहमी दुसऱ्याला दटावतानाच निघतो. म्हणजे भाषेनेच त्याला दोष ठरवले आहे.

दशलक्षण पर्वात आपण तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचतो, दहा दिवसांत दहा. परळीत कितीतरी सुना बीदर-भालकीकडून आलेल्या. घरची बोली कानडी, त्यात संस्कृतची जोडाक्षरे. एखादी अडखळली की मागच्या सतरंजीवरून फिस्स! एका सुनेने दुसऱ्या दिवसापासून वाचायचेच सोडले. वर आपण म्हणायचे, "आजकालच्या मुलींना धर्माची आवडच नाही!" आवड होती, ती आपण हसून घालवली.

आणि वाचत काय होतो? त्याच ग्रंथाच्या सातव्या अध्यायात सत्यव्रताच्या पाच भावना आहेत. क्रोध, लोभ आणि भय यांच्याबरोबर हास्याचाही त्याग सांगितला आहे. पुढे अनर्थदंडव्रताच्या अतिचारांत कंदर्प आणि कौत्कुच्य येतात: थट्टेचे असभ्य बोलणे, आणि त्याच्या जोडीला अंगाचे चाळे. डोळे मिचकावणे, कोपर मारणे दुसरे काय आहे? आठव्या अध्यायात नऊ नोकषायांची नावे येतात, त्यांत पहिले हास्यच. सर्वार्थसिद्धीत पूज्यपादस्वामींनी सद्धर्माची टवाळी आणि दीनांवर हसणे ही या कर्माच्या आस्रवाची कारणे सांगितली आहेत.

कुणी म्हणेल, मग हसायचेच नाही का? महाव्रते मुनींची, आपण श्राविका. घरात जरूर हसा, मोठ्याने हसा. पण एक कसोटी लावा: जिच्यावर हसतो, ती आपल्याबरोबर हसू शकते का? नसेल तर तो विनोद नाही, ती परनिंदा आहे. उघड बोललेल्या शब्दाला निदान उत्तर तरी देता येते. या हसण्याला उत्तर देता येत नाही, म्हणून ते जास्त भित्रे आणि जास्त लागणारे.

क्षमावाणीला आपण घरोघर हात जोडतो. यंदा त्याआधीच त्या सुनेच्या दारी जाऊ या, आणि सातवा अध्याय तिच्याकडूनच वाचून घेऊ या. तिला कितीही वेळ लागो.