पाय उचलतच नाहीये?

दोस्तहो, हौसेने रास्पबेरी पाय ४ घेतला, कार्ड घातलं, टीव्ही जोडला आणि स्क्रीन काळाकुट्ट! लगेच ‘बोर्ड डेड’ म्हणत परत करायला धावू नका. हा पाय मोडलेला क्वचितच असतो.

आधी केबल पॉवरशेजारच्या एचडीएमआयमध्ये लावलीय ना, ते बघा. मग दिवे. लाल दिवा फक्त वीज आल्याचं सांगतो, खरी बातमी हिरव्याकडे. तो ४-४ वेळा लुकलुकत असेल तर सुरुवातीची फाइलच सापडत नाहीये. ७-७ वेळा असेल तर कर्नल गायब. औषध बहुधा एकच, रास्पबेरी पाय इमेजर या फुकट सॉफ्टवेअरने कार्ड नव्याने लिहा. गाणी टाकतो तशी इमेज फाइल कॉपी-पेस्ट करून भागत नाही, बॉस! नंतर विंडोज ‘फॉरमॅट करू का?’ विचारतं, कारण त्याला लिनक्सचं पार्टिशन वाचताच येत नाही. सरळ कॅन्सल.

हिरवा पेटतच नाही? इमेजरमध्येच बूटलोडरचा पर्याय आहे. ती छोटी इमेज दुसऱ्या कार्डावर लिहून बोर्डात घाला. हिरवा भराभर, न थांबता लुकलुकला की समजा, काही हजार वाचले!

स्क्रीनवर पिवळी वीज चमकली तर मोबाइलचा चार्जर काढा. याला ५ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात. आणि लॉगिनला अडलात तर जुन्या व्हिडिओंतला ‘रास्पबेरी’ हा पासवर्ड विसरा. एप्रिल २०२२ पासून तो बाद झालाय. कार्ड लिहितानाच इमेजरमध्ये स्वतःचं नाव-पासवर्ड भरून टाका.