नम्रता कोणाकडून मागायची?

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, म्हणजे गुरुवारी संध्याकाळी, वसई-मुंबईच्या कॅथलिक चर्चमध्ये एक विधी होतो. धर्मगुरू कमरेला टॉवेल बांधतात आणि समोर बसलेल्या, सहसा बारा जणांचे, पाय धुऊन पुसतात. आपल्यापैकी अनेकांच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंबे आहेत, पण या विधीचा अर्थ आपण त्यांना क्वचितच विचारतो.

त्याचे मूळ बायबलमध्ये, योहानच्या शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायात आहे. तिथल्या कथेनुसार हजरत ईसा (अलै.) शिष्यांसोबतच्या शेवटच्या जेवणातून उठले, भांड्यात पाणी घेतले आणि एकेकाचे पाय धुऊ लागले. त्या काळी हे गुलामाचे काम. पेत्र नावाच्या शिष्याने तर आधी साफ नकार दिला. मग सर्वांना समजावण्यात आले की, गुरूने हे केले, तर तुम्हीही एकमेकांसाठी करा. हजरत ईसांविषयी ख्रिस्ती बांधवांची आणि आपली श्रद्धा एक नाही, हे उघड आहे. तरी या कथेतली एक गोष्ट आपल्यालाही उपयोगी पडेल. पाय धुण्याआधीच तिथे सांगितले आहे की, आपण कोणाकडून आलो आणि कोणाकडे परत जाणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते. ज्याला स्वतःची किंमत माहीत असते, त्याला खाली वाकताना भीती वाटत नाही.

2013 साली पोप फ्रान्सिस यांनी निवडीनंतर पंधराच दिवसांत हा विधी भव्य चर्चऐवजी रोममधल्या अल्पवयीन मुलामुलींच्या तुरुंगात केला. ज्या बारा जणांचे पाय त्यांनी धुतले, त्यांत दोन मुली होत्या आणि त्यांतली एक मुस्लिम होती. सर्वांत मोठ्या पदावरचा माणूस सर्वांत खाली गणलेल्यांपुढे गुडघ्यांवर बसला होता.

आपल्या घरांत मात्र उलटे चालते. नम्रतेचा धडा दिला जातो तो सुनेला, धाकट्याला, मोलकरणीला. 'झुकून राहा, सबर कर,' हे ऐकवणारा स्वतः झुकतो का? मगरिबची अजान होते तेव्हा सगळे दस्तरखानवर असतात आणि घरची बाई भजी तळता तळता उभ्यानेच खजूर तोंडात टाकते. तिच्या या राबण्याला आपण नम्रता म्हणतो. खरे तर तिला दुसरी वाटच ठेवलेली नसते.

वर्गात 'मला काही येत नाही' म्हणून मान खाली घालणारे मूल आम्ही शिक्षक रोज पाहतो. ते नम्र नसते, खचलेले असते. अशा मुलाला आणखी वाकायला शिकवायचे नसते, सरळ उभे राहायला शिकवायचे असते. बायबलमध्ये शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगताना मापही दिले आहे, आणि ते स्वतःवरच्या प्रेमाचे आहे. स्वतःला कवडीमोल मानणारा माणूस दुसऱ्याला त्या मापाने काय देणार?

आपल्या परंपरेतही हेच आहे. अल्लाहने आदमच्या सर्व संतानाला इज्जत दिली, असे कुरआन सांगते. आणि प्रेषित (स.) घरी असताना घरच्यांच्या कामांना हातभार लावत, अशी हजरत आयशा (रजि.) यांची साक्ष हदीसमध्ये आहे. तिथेही झुकण्याची सुरुवात मोठ्याकडूनच होते.

आपल्याकडे दावतीत चिलमची आणि लोटा घेऊन पाहुण्यांचे हात धुवायला सहसा घरातला धाकटा उभा राहतो. एखाद्या दिवशी तो लोटा घरातल्या सर्वांत मोठ्याने हातात घ्यावा आणि पहिले पाणी सुनेच्या हातावर घालावे. ती संकोचेल, पेत्रासारखी 'नको' म्हणेल. तरी घालावे. मुले पाहत असतात, आणि नम्रता म्हणजे काय हे त्यांना आमच्या फळ्यापेक्षा तिथे लवकर कळेल.