हॉटेलातला पैसा नेमका कुठे आहे?

हॉटेल मॅनेजमेंट म्हटलं की आपल्याकडे दोनच चित्रं डोळ्यांपुढे येतात. एक टीव्हीवरचा शेफ, दुसरं "एवढं शिकून लोकांना पाणी देणार का?" असं विचारणारे काका. दादरचं सरकारी कॉलेज १९५४ पासून आहे, तरी काकांचा प्रश्न काही बदलत नाही!

माझ्या मते चांगल्या पगाराची एक वाट तिसरीकडेच आहे, आणि तिकडे फारसं कोणी बघत नाही. रेव्हेन्यू मॅनेजर. आज रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही, सुटलेल्या एसटीतल्या रिकाम्या सीटसारखी. समजा, १०० खोल्या आहेत. ५००० रुपयांनी ६० गेल्या तर ३ लाख, ४००० ने ८० गेल्या तर ३ लाख २० हजार. पण वीस खोल्यांची जास्तीची साफसफाई, नाश्ता, बुकिंग साइटचं कमिशन? आणि शनिवारी लग्नाचं वऱ्हाड आलं तर? हा हिशेब रोज मांडणारा माणूस तो. विद्या मूळची अमेरिकन विमान कंपन्यांची, १९८० च्या दशकात वाढलेली. आपण आयटीवाले ज्याला फोरकास्टिंग म्हणतो तेच की राव!

अर्थात सुरुवातीचा पगार बेताचाच. तासन् तास उभं राहायचं, ३१ डिसेंबरची सुट्टी विसरायची. कॉलेजांच्या गुळगुळीत ब्रोशरमध्ये हे नसतं. बारावीतल्या मामेबहिणीला मी हे सगळं सांगितलं, वर म्हटलं, किचन आवडतं तर जरूर शिक, पण फ्रंट ऑफिस आणि एक्सेल सोडू नकोस. तिने प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरलाय. मामा सध्या माझा फोन उचलत नाही.