पत्त्यांतली राणी आणि सातबाऱ्यावरचे नाव

मैत्रिणींनो,

रोवणी आटोपली की गोंदिया जिल्ह्यातल्या गटांच्या बैठका पुन्हा भरू लागतात. चिखलात दिवसभर वाकून आखडलेली कंबर जरा सरळ होते, मनातले बोलायला सवड मिळते. अशाच एका बैठकीत एका तरुण कार्यकर्तीने पिशवीतून टॅरोचे पत्ते काढले. काही जणी हसल्या. एक ज्येष्ठ मैत्रीण मात्र रागावली. "पोपटवाल्याला दारातून घालवता घालवता आमची उमर गेली. आता त्याचा पिंजरा तुम्ही गटात आणता?"

तिचा राग रास्त आहे. "तीन महिन्यांनी ग्रह पालटतील, नवरा सुधारेल," असे कोणी सांगितले की तक्रार करायला निघालेली बाई उंबऱ्यावरून मागे फिरते. ते तीन महिने ती कशी काढते, हे आपल्याला ठाऊक आहे. घरातल्या हिंसेपासून संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यामागे कितीतरी जणांची वर्षे गेली आहेत. म्हणून आधीच सांगून टाकतो. पत्त्यांतून भविष्य कळत नाही. टॅरोतूनही नाही.

टॅरो हा मुळात पंधराव्या शतकातल्या इटलीतला खेळ. त्याला भविष्य चिकटले ते सुमारे तीनशे वर्षांनी, फ्रान्समध्ये. आज सर्वांत जास्त दिसणारा संच १९०९ साली लंडनमध्ये निघाला. त्यातली चित्रे पामेला कोलमन स्मिथ या बाईने काढली, पण संच ओळखला गेला तो रायडर हा प्रकाशक आणि वेट हा लेखक यांच्या नावाने. राबणारी एक आणि नाव दुसऱ्याचे, ही गोष्ट आपल्याला नवी नाही.

एकूण ७८ पत्ते. त्यांतले १६ दरबाराचे. दंड, प्याला, तलवार आणि नाणे अशा चार रंगांत प्रत्येकी चार माणसे असतात : शिकाऊ पोर, घोडेस्वार, राणी आणि राजा. मिलानच्या ड्यूकच्या घराण्यासाठी रंगवलेल्या एका जुन्या संचात तर घोड्यावर स्वार झालेली स्त्रीही आहे. पुढे ती पत्त्यांतून नाहीशी झाली.

आपल्याकडे काय होते? सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२० गोल पत्ते. दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. राणी नाहीच. आणि ही कला विझत चालली असताना १९७०च्या दशकात तिला जगवण्यासाठी पुढाकार घेणाऱ्यांत सत्त्वशीलादेवी भोसले होत्या, म्हणजे सावंतवाडीच्या राणीच! पारावर चालणाऱ्या पत्त्यांत राणी आहे, पण कुठे? राजाच्या खाली आणि गुलामाच्या वर. घरातल्या बाईची जागा याहून नेमकी कोणी सांगितली आहे?

त्या तरुण मैत्रिणीचे म्हणणे एवढेच होते. "घरात तू कोण?" असे विचारले तर बाई म्हणते, "मी काय, घरचीच," आणि गप्प होते. चित्र समोर ठेवले तर बोलते. तिने सोळा पत्ते चटईवर उघडे मांडले आणि तीन प्रश्न विचारले. लग्न होऊन आलीस तेव्हा यांतली कोण होतीस? आज कोण आहेस? तुझी सून किंवा मुलगी तुझ्या घरात कोण आहे?

एकीने तलवारीची राणी उचलली. सगळ्या हसल्या, तीही हसली. मग सुनेसाठी तिने शिकाऊ पोराचा पत्ता ठेवला आणि थबकली. "अकरा वर्षे झाली तिला येऊन," ती हळूच म्हणाली, "मी अजून तिला शिकाऊच ठेवली." दुसरीने राजा उचलला. "धनी गेल्यापासून शेत मीच पाहते. काम राजाचे, पण खुर्चीत दीर." रागावलेल्या मैत्रिणीने घोडेस्वार बराच वेळ हातात धरला. "मला सायकल शिकू दिली नव्हती," एवढेच बोलली.

हे पत्त्यांत कुठेही लिहिलेले नव्हते. इतकी वर्षे कोणी विचारले नव्हते, एवढेच.

तेवढ्यात एकीने रेशनकार्ड काढले. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री ही रेशनकार्डापुरती कुटुंबप्रमुख असते. म्हणजे कागदावर ती राजा! पण ज्या धानाची रोवणी ती करते, ते आधारभूत केंद्रावर जाते सातबाऱ्याच्या आधारे, आणि पैसे जमा होतात त्याच्या खात्यात. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. त्यामुळे देवरी-सालेकसाकडच्या आपल्या आदिवासी मैत्रिणींची लढाई आणखी अवघड आहे.

म्हणून आमचे मत असे : मन मोकळे करायला पत्ते घ्या, चित्रे घ्या, जात्यावरच्या ओव्या घ्या. टॅरो विकत आणायचीही गरज नाही. पुठ्ठ्यावर चार माणसे काढली तरी पुरे. मात्र "पुढे काय होईल?" हा प्रश्न गटात विचारायचा नाही. बैठकीत बोललेले बाहेर न्यायचे नाही. मार खाणाऱ्या बाईसमोर पत्ते मांडायचे नाहीत. तिच्यासोबत संरक्षण अधिकाऱ्याकडे जायचे. आणि सासूने सुनेसाठी पत्ता बदलला, तर तो बदल स्वयंपाकघरात, पैशांच्या डब्यात आणि तलाठ्याच्या दप्तरातही दिसला पाहिजे. नाहीतर खेळ संपतो, पत्ते पिसले जातात आणि राणी पुन्हा राजाच्या खाली जाते.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरचा सातबारा आणावा. त्यावर कोणाकोणाची नावे आहेत, ते आम्हाला जरूर कळवा.

आपल्या,
संपादक मंडळ