मेंढ्या कुठे आहेत?

नागपुरात मे महिन्याच्या भर दुपारी एखादा गृहस्थ अंगात दोन लोकरी स्वेटर, वर ओव्हरकोट आणि कानाला मफलर अशा थाटात बर्डीवर हिंडू लागला, तर दहा पावलांच्या आत कुणीतरी त्याला सावलीत बसवील, पाणी पाजील आणि घरचा पत्ता विचारील. नागपूरकर तसा मायाळू माणूस. पण हाच पोशाख जन्मतःच अंगावर घेऊन आलेला कुत्रा त्याच उन्हात साखळीमागे फरफटत चालला असेल, तर हाच मायाळू माणूस स्कूटर थांबवतो, फोटो काढतो आणि मालकाला विचारतो, "केवढ्याले घेतला भाऊ?"

माझे भांडण या प्रश्नाशी आहे. कुत्र्याशी नाही. कुत्र्याच्या मालकाशी आहे, पण तो तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि मी पहिल्या. तेव्हा भांडण लेखी केलेले बरे.

तिसऱ्या मजल्यावरच्या या साहेबांनी गेल्या दिवाळीत कॉकेशियन शेफर्ड जातीचे पिल्लू आणले. (साहेबांचे नाव सांगत नाही. वीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाच्या तोंडून दुसऱ्याचे नाव आणि शिल्लक सहसा बाहेर पडत नाही.) दिवाळीत हे पिल्लू उशीएवढे होते. संक्रांतीला लोडाएवढे झाले. होळीपर्यंत त्याची गादी झाली आणि आमच्या वॉचमनने मला बाजूला घेऊन सांगितले, "साहेब, हे कुत्रं नाही हो, अस्वल होय. एकदा कागद पाहून घ्या." कागद ठीक होते. नाव सुलतान, जात ओव्हचार्का, मूळ गाव कॉकेशस.

हे कॉकेशस म्हणजे काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्या मधला डोंगराळ मुलूख. तिथले धनगर शेकडो वर्षे या कुत्र्याच्या भरवशावर मेंढ्या राखत आले. जातीचा नर खांद्याशी किमान ६८ सेंटिमीटर उंच आणि वजनाला किमान ५० किलो असावा, असा नियम आहे. माझे लग्न झाले तेव्हा माझे वजन एवढेच होते, आणि त्यात सुटाचे वजन धरलेले होते. अंगावर केसांचे दोन थर. आतला मऊ लोकरीसारखा, वरचा लांब आणि राठ. बर्फात रात्रभर उघड्यावर बसता यावे, यासाठी हा सगळा बंदोबस्त.

शेफर्ड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमात चोर पकडणारा अल्सेशियन येतो. पण मेंढपाळाच्या कुत्र्यांत दोन खाती आहेत. एक मेंढ्या वळवणाऱ्यांचे. मालकाने शीळ घातली की डावीकडे, हात केला की उजवीकडे; हे हुकमाचे ताबेदार, आमच्यासारखे, क्लार्क केडरचे. दुसरे खाते राखणदारांचे. यांचे काम मेंढ्यांमध्येच राहायचे आणि लांडगा किंवा अस्वल आले की उभे ठाकायचे. मध्यरात्री डोंगरावर मालक झोपलेला असतो, तेव्हा परवानगी विचारायची कुणाला? म्हणून हा कुत्रा निर्णय स्वतः घेतो. थोडक्यात, तो ऑफिसर आहे. त्याला पिढ्यान्पिढ्या एवढेच शिकवले गेले, की आपले कोण ते ओळख आणि बाकीच्यांवर विश्वास ठेवू नकोस.

आता हा ऑफिसर तुम्ही दोन बेडरूमच्या फ्लॅटवर पोस्ट केलात. कळप नाही, कुरण नाही, लांडगाही नाही. मग तो बिचारा उपलब्ध साहित्यातून लांडगे तयार करतो. सिलिंडरवाला लांडगा, पेपरवाला लांडगा, लिफ्टमधून अचानक बाहेर पडणाऱ्या जोशीकाकू लांडगा. मेंटेनन्स मागायला येणारा सोसायटीचा सेक्रेटरीही लांडगा. या एका बाबतीत सुलतानचे आणि माझे एकमत आहे. लहानपणापासून त्याला माणसांत मिसळवले, रोज चार अनोळखी लोक दाखवले, तर तो शहाणा होतो. पण साहेबांना तर अनोळखी लोक घाबरायलाच हवे होते. कुत्रा त्याकरताच आणला होता.

म्हणून मी एकदा जिन्यात साहेबांना सरळच विचारले, "मेंढ्या कुठे आहेत?"

ते हसले. मी हसलो नाही. मेंढीपालनासाठी कर्ज मागणाऱ्याला आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो. सरकारच्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत २० मेंढ्या आणि १ मेंढानर असा हिशेब असतो. म्हणजे मेंढ्या आधी, राखणदार मागून. आपल्याकडे राखणदार आधी आला आणि राखायचे काय, तर सोफा, टीव्ही आणि बाल्कनीतली तुळस.

पुढचा मुद्दा उन्हाचा, आणि इथे विनोद जरा बाजूला ठेवतो. नागपूरचा पारा २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंशांवर गेला होता. २०२४ च्या मे अखेरीस तर इथल्या एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखवले. मागून हवामान खात्याने सांगितले की यंत्र बिघडले होते. नागपुरात यंत्रसुद्धा उन्हाने बिघडते, तिथे कॉकेशसच्या जिवाने काय करावे?

माणसाला अंगभर घाम येतो. कुत्र्याला तो जवळजवळ पंजांच्या गादीपुरताच. त्याचा सगळा भरवसा जिभेवर. धापा टाकायच्या, ओल्या जिभेवरून हवा खेळवायची, त्या ओलाव्याची वाफ झाली की रक्त निवते. म्हणजे कुत्र्याची जीभ हा देवाने दिलेला डेझर्ट कूलरच. आणि नागपूरकराला कूलरचे मर्म सांगायला नको. कोरड्या मे महिन्यात वाळ्याच्या ताट्या गारवा देतात. जूनमध्ये एक सर पडून हवा दमट झाली की तोच कूलर नुसता ओला वारा फेकतो. जिभेचेही तसेच. त्यातून कूलर दहा बाय बाराच्या खोलीसाठी आणि जीभ पन्नास किलोच्या, दुहेरी लोकर पांघरलेल्या देहासाठी. कुत्र्याच्या अंगाचे तापमान मुळातच ३८-३९ अंश असते. ४१ च्या वर गेले की मेंदू, मूत्रपिंड, आतडी, एकेक खाते बंद पडू लागते.

"अहो, त्याच्यासाठी वेगळा एसी लावलाय," साहेब म्हणतात. लावलाय, कबूल. पण नवतप्यात एका रात्री डीपी उडाला आणि दोन ते पाच वीज नव्हती. मी पाण्याची बाटली घेऊन गच्चीवर निघालो, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांमधल्या फरशीवर सुलतान चारी पाय पसरून पोट टेकून पडलेला. एरवी मला पाहून भिंत हादरेल असा भुंकणारा हा प्राणी. त्या रात्री त्याने मान उचलली नाही. नुसता भात्यासारखा वर-खाली होत होता. शेजारी साहेब बनियनवर बसून वर्तमानपत्राने वारा घालत होते. मी बाटली त्याच्या पोटावर आणि पायांवर रिकामी केली, सौ.ने खालून बादली आणली. साहेबांच्या मुलाने ओला टॉवेल अंगावर टाकला, तो मी काढायला लावला. ओले पांघरूण उष्णता आत कोंडते. पाणी ओतत राहायचे, वारा घालत राहायचे आणि तशातच डॉक्टर गाठायचा. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यक महाविद्यालय आहे, शहरात खाजगी डॉक्टरही आहेत. सुलतान वाचला. साहेबांचे प्रेम खोटे नाही हे मी त्या रात्री पाहिले. पण वर्तमानपत्राने कॉकेशस होत नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोन उपाय योजले. एक म्हणजे त्याचे केस मुळापासून कापायचे. ते मी हाणून पाडले. तो कोट उन्हाची धगही थोडी अडवतो, आणि दुहेरी कोट एकदा भादरला की पूर्वीसारखा येईलच असे नाही. रोज विंचरून आतली मेलेली लोकर काढणे, एवढेच खरे. दुसरा उपाय अस्सल नागपुरी. ऊन लागू नये म्हणून आपण खिशात कांदा ठेवतो, तसा त्यांनी पट्ट्याला कांदा बांधला. कांदा कुत्र्याच्या पोटात गेला तर विष, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. सुलतान तो खाणारच होता. जोशीकाकूंनी बाल्कनीतून ओरडून वाचवले. त्या दिवसापासून त्या लांडगा राहिल्या नाहीत.

सरकारनेही या प्रकरणात लक्ष घातले होते. १२ मार्च २०२४ ला केंद्राने एक पत्रक काढून तेवीस प्रकारच्या कुत्र्यांना परवाने देऊ नका, त्यांची विक्री-पैदास थांबवा, असे राज्यांना कळवले. कॉकेशियन शेफर्ड त्यात होताच. एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते रद्द केले, कारण संबंधितांचे ऐकूनच घेतले नव्हते. मला त्या पत्रकाचा राग वेगळ्या कारणाने आला. तेवीस जाती कुत्र्यांच्या मोजल्या. ज्यांना मेंढी नसताना राखणदार लागतो आणि राखणदाराची किंमत चारचौघांत सांगायची असते, त्या जातीचा उल्लेखच नाही. कर्जदार बुडाला तर आम्ही तारण जप्त करतो खरे, पण तारणाला गुन्हेगार म्हणत नाही.

वर्धा रोडवर कधी काठेवाडींचा तांडा पाहिलात? उंटावर बिऱ्हाड, पुढे मेंढ्या, आणि बाजूने चालणारी हडकुळी, आखूड केसांची, मातीच्या रंगाची कुत्री. कुणी स्कूटर थांबवून त्यांची किंमत विचारत नाही. ती भर उन्हात झाडाखाली खड्डा उकरून निजतात आणि रात्री कामावर हजर असतात. धर्मराज कुत्र्याला बरोबर घेऊन हिमालय चढला, हे आपण लहानपणी ऐकले. आपण बर्फातला कुत्रा उचलून नवतप्यात आणतो आणि स्वतःला प्राणिप्रेमी म्हणवतो.

ज्यांनी आणलाच आहे, त्यांनी आता निभावावे. फिरायला सूर्य उगवायच्या आत, नाहीतर रात्री उशिरा. आधी पालथा हात डांबरावर टेकून पाहावा, आपल्याला सोसवेना तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. जेवण एकदम डोंगराएवढे न देता दोनदा विभागून, आणि जेवल्यावर पळापळ नाही; या थोराड कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडतो आणि तासाभरात खेळ आटोपतो. पिल्लाला हाडे मजबूत व्हावीत म्हणून कॅल्शियमची टॉनिके मनाने पाजू नयेत, त्याने हाडे बिघडतात. गोचिड्या रोज पाहाव्यात. आणि इन्व्हर्टर घ्यावा. साहेबांनी घेतला, हप्त्यावर, पण आमच्या बँकेतून नाही.

परवा दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी मला गाठून हळूच विचारले, "अहो बँकवाले, हस्की कसा काय राहील?" मी म्हटले, नवतपा २५ मेला लागतो. तेवढे नऊ दिवस आधी स्वतः स्वेटर घालून काढा, मग बोलू.