निष्काम सेवक, निश्चिंत सरकार

गेल्या वर्षीं एका व्याख्यानमालेंत ‘सेवाधर्म’ या विषयावर एका विद्वान वक्त्यांचें भाषण ऐकण्याचा योग आला. वक्त्यांनीं गीतेंतील निष्काम कर्माचें विवेचन केलें आणि आधुनिक काळांतील दाखला म्हणून ऑस्ट्रेलियांतील स्वयंसेवक अग्निशामकांचा गौरव केला. उन्हाळ्यांत रानें पेटलीं म्हणजे हे स्त्रीपुरुष आपापले कामधंदे टाकून, एक पैही न घेतां, वणव्याला सामोरे जातात. त्यांना कांहीं मोबदला द्यावा अशी सूचना तिकडे झाली होती, असें सांगून वक्ते म्हणाले कीं, ज्या दिवशीं या सेवेला दाम मिळेल त्या दिवशीं तिच्यांतला राम जाईल! यमक साधलें होतें. सभागृहांत टाळ्यांचा कडकडाट झाला. मींही टाळ्या वाजविल्या, हें कबूल केलें पाहिजे. घरीं येतांना मात्र मनाला बोचणी लागली. आपल्यासारख्या कित्येक कुटुंबांचीं मुलें आज सिडनी-मेलबर्नच्या आसपास संसार थाटून आहेत. रानाच्या कडेला वाढलेलीं तेथलीं कित्येक उपनगरें ज्यांच्या भरंवशावर निजतात, तीं माणसें हींच. त्यांच्याविषयीं आपण जें म्हणतों तें खरें आहे काय, न्याय्य आहे काय, हें तपासून पाहणें आपलें कर्तव्य आहे.

प्रथम ही संस्था काय आहे तें पाहूं. न्यू साउथ वेल्स राज्याच्या दक्षिण सीमेजवळील बेरिगन या गांवीं १८९६ मध्यें अशा प्रकारचें पहिलें दल उभें राहिलें. माळावरचें गवत पेटलें कीं शेजाऱ्यानें शेजाऱ्याच्या मदतीला धांवावयाचें, ओल्या गोणपाटांनीं आणि हिरव्या डहाळ्यांनीं आग झोडपून काढावयाची, हा त्या काळचा रिवाज. आज त्याच राज्याच्या ग्रामीण अग्निसेवेंत ७०,००० हून अधिक स्वयंसेवक आणि सुमारें २,००० दलें आहेत. त्यांत शेतकरी आहेत, शिक्षक आहेत, सुतार आणि दुकानदारही आहेत. त्यांना रीतसर शिक्षण दिलें जातें, बंब आणि गणवेश मिळतो. वेतन मिळत नाहीं.

ही व्यवस्था केवळ परोपकारावर उभी आहे असें समजणें चूक होईल. तिच्यामागें रोकडा हिशोबही आहे. वणव्यांचा ऋतु वर्षांतून कांहीं महिन्यांचा. एखादें वर्ष सौम्य जातें, तर एखाद्या वर्षीं शेंकडों मैलांच्या टापूंत एकाच दिवशीं ठिकठिकाणीं रान पेटतें. तेवढ्यासाठीं पुरेशी पगारी फौज बाराही महिने पोसणें कोणत्याही सरकारच्या आवांक्याबाहेरचें आहे. शिवाय पाण्याचा साठा कोठें आहे, कुंपणाचें फाटक कोणत्या बाजूला आहे, कोणत्या घरांत म्हातारी एकटीच राहते, हें गांवच्या माणसाला ठाऊक असतें. शहरांतून पाठविलेल्या बंबवाल्याला तें नकाशांत सांपडत नाहीं. म्हणजे हे लोक नसतील तर ग्रामीण ऑस्ट्रेलियाचें रक्षण थोडें महाग होईल असें नव्हे. तें होणारच नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व वाद तिच्यावर उभा आहे.

आतां या कामांतील धोका. तेथील रान मुख्यतः निलगिरीच्या जातीच्या वृक्षांचें. त्यांच्या पानांत ज्वालाग्राही तेल असतें, आणि कित्येक जातींच्या सालीच्या लांब चिंध्या पेटून वाऱ्याबरोबर कोसच्या कोस पुढें उडतात व मागच्या आगीच्या आधीं नवी आग लावतात. अशा आगीवर नुसतें पाणी ओतून भागत नाहीं. तिच्या वाटेवरचा पट्टा मोकळा करावा लागतो, किंवा तिला जाळावयास कांहीं उरूं नये म्हणून मधलें रान आपणच पेटवून द्यावें लागतें. परंतु सर्वांत घातक असतो तो वारा. आग्नेय ऑस्ट्रेलियांत कडक उन्हाळ्याच्या दिवशीं वायव्येकडून तप्त वारा वाहतो व आगीचा लांब, अरुंद पट्टा आग्नेयेकडे धांवतो. मग कांहीं तासांनीं वारा एकाएकीं नैर्ऋत्येचा होतो. आणि आतांपर्यंत जी आगीची कूस होती, तिची मैलोगणती लांबी एका क्षणांत आगीचें तोंड बनते. १६ फेब्रुवारी १९८३ रोजीं व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया मिळून ७५ माणसें मेलीं. त्यांपैकीं १२ जण अपर बीकन्सफील्ड येथें असाच वारा फिरल्यामुळें दोन बंबांसह आगींत सांपडलेले स्वयंसेवक होते. २ डिसेंबर १९९८ रोजीं लिंटन येथें एका बंबावरील पांचही स्वयंसेवक याच रीतीनें गेले. ज्या कर्माच्या निष्कामतेवर आपण टाळ्या वाजवितों, त्याचें स्वरूप हें असें आहे.

या पार्श्वभूमीवर २०१९-२० चा उन्हाळा पहावा. त्या मोसमांत, पुढें नेमलेल्या राष्ट्रीय चौकशी आयोगाच्या अहवालाप्रमाणें, २ कोटी ४० लक्ष हेक्टरांहून अधिक भूमि जळाली. म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या तीन चतुर्थांशांहूनही अधिक. ३३ माणसें प्रत्यक्ष आगींत दगावलीं व तीन हजारांहून अधिक घरें गेलीं. पूर्वीं जें काम चार-आठ दिवसांचें असे, तें त्या वर्षीं महिनोन् महिने चाललें. शेतकऱ्याचें शेत आणि सुताराचें दुकान तितके दिवस बंद राहिलें. अशा वेळीं, डिसेंबर २०१९ मध्यें, तत्कालीन पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांना या लोकांच्या भरपाईविषयीं विचारलें असतां, ते थकले आहेत हें खरें, परंतु आपल्या गांवाच्या रक्षणासाठीं तेथें असण्याची त्यांची स्वतःचीच इच्छा आहे, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं दिलें.

उत्तर खोटें नव्हतें, आणि म्हणूनच तें अधिक आक्षेपार्ह होतें. बुडणाऱ्याला वांचविण्यासाठीं एखाद्यानें उडी घेतली, तर ती त्याच्या इच्छेनेंच घेतलेली असते. पण म्हणून कांठावर उभ्या असलेल्यांनीं त्याच्याकडे दोर टाकूं नये काय? स्वयंसेवकाची इच्छा हें सरकारच्या निष्क्रियतेचें समर्थन होऊं शकत नाहीं. सरकारनें आपलें मत पुढें बदललें, हेंही न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. त्याच महिन्याच्या २९ तारखेस, दहा दिवसांहून अधिक सेवा केलेल्या आणि स्वतःचा धंदा किंवा लहान-मध्यम पेढ्यांत नोकरी असलेल्या न्यू साउथ वेल्समधील स्वयंसेवकांना बुडालेल्या उत्पन्नापोटीं दिवसाला ३०० डॉलरपर्यंत व एकंदर ६,००० डॉलरपर्यंत रक्कम देण्याचें जाहीर झालें. त्यानंतरही फेब्रुवारीपर्यंत वणवे चालले आणि स्वयंसेवक पूर्वींप्रमाणेंच बंबांवर चढत राहिले. दाम आला म्हणून राम कोठेंच गेला नाहीं.

वक्त्यांच्या बाजूनें जें सर्वांत बळकट आहे तेंही मांडलें पाहिजे. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकानें ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ या १९७० मधील ग्रंथांत रक्तदानाचा विचार करून असें प्रतिपादिलें कीं, दानाच्या जागीं बाजार आणला म्हणजे दानाची वृत्ति क्षीण होते. शिवाय पुष्कळ ऑस्ट्रेलियन स्वयंसेवकांनीं स्वतःच, आम्हांला पगार नको, असें स्पष्ट सांगितलें आहे. दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत. परंतु त्यांवरून वक्त्यांचा सिद्धान्त निघत नाहीं. वेतन आणि नुकसानभरपाई यांत महदंतर आहे. वेतन हें श्रम विकत घेण्याचें मोल. भरपाई म्हणजे सेवा करणाऱ्याला सेवेपायीं ऋणको होऊं न देण्याची व्यवस्था. पाहुण्यानें आपल्या घरची आग विझवितांना त्याचा अंगरखा जळाला तर आपण त्याला मजुरी देऊं लागलों तर तो त्याचा अपमान होईल; पण नवा अंगरखाही दिला नाहीं तर तो कृतघ्नपणा होईल. ‘पगार नको’ असें म्हणणाऱ्यानें ‘माझ्या मुलांना उपाशी ठेवा’ असें म्हटलेलें नसतें. त्याचा नकार हें त्याचें भूषण आहे. तें भूषण गहाण टाकून आपली तिजोरी शिलकींत ठेवण्याचा अधिकार इतर कोणालाही नाहीं.

साधनसामुग्रीचीही तीच कथा. त्याच उन्हाळ्यांत कांहीं दलांवर धुरापासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांकरितां स्वतः वर्गणी गोळा करण्याची पाळी आली. लोकांची सहानुभूति तर अशी कीं, जानेवारी २०२० मध्यें सेलेस्ट बार्बर या विनोदी अभिनेत्रीनें मदतीची हांक देतांच जगभरांतून ५ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम जमली. ती न्यू साउथ वेल्सच्या अग्निदलांच्या विश्वस्त निधीकडे गेली, आणि मे २०२० मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयाला असा निर्णय द्यावा लागला कीं, निधीच्या दस्तऐवजाप्रमाणें ती दुसऱ्या धर्मादाय संस्थांना देतां येणार नाहीं. मात्र जखमी अग्निशामकांना व मृतांच्या कुटुंबांना तिच्यांतून साहाय्य करतां येईल. कायद्यानें अशा कुटुंबांना नुकसानभरपाईचें संरक्षण पूर्वींपासूनच आहे, हेंही नमूद केलें पाहिजे. परंतु आगींत शिरणाऱ्याच्या नाकावर मुखवटा असणें ही ज्या राज्याची पहिली जबाबदारी, तेथें तो मुखवटा वर्गणीवर अवलंबून रहावा, ही गोष्ट कोणत्याही दातृत्वानें झांकली जाणार नाहीं.

पण पैसा आणि साधनें यांहूनही मोठें ऋण एक आहे, व तें म्हणजे आगींत जाणाऱ्याचें म्हणणें ऐकणें. एप्रिल २०१९ मध्यें, म्हणजे संकटाच्या कांहीं महिने आधीं, अग्निशमन व आपत्कालीन सेवांच्या २३ माजी प्रमुखांनीं सरकारला इशारा देऊन पंतप्रधानांची भेट मागितली. हवामान तापत आहे, वणव्यांचा ऋतु लांबत आहे, साधनें अपुरीं पडतील, असें त्यांचें सांगणें होतें. त्यांचे पुढारी ग्रेग मुलिन्स हे निवृत्तीनंतर स्वतः स्वयंसेवक म्हणून बंबावर जाणारे गृहस्थ. आग लागण्यापूर्वीं पंतप्रधानांना त्यांच्यासाठीं वेळ मिळाला नाहीं. हा दोष एका पक्षाचा किंवा एका पिढीचा नव्हे. १३ जानेवारी १९३९ च्या भीषण वणव्यानंतर व्हिक्टोरियांत न्यायाधीश लेनर्ड स्ट्रेटन यांनीं चौकशी करून एकसूत्री अग्निव्यवस्थेची शिफारस केली होती. युद्धाचे दिवस होते हें मान्य करूनही सांगावें लागतें कीं, १९४३-४४ च्या उन्हाळ्यांत पुन्हा माणसें मेल्यावर, त्याच स्ट्रेटन यांच्याकडून पुन्हा चौकशी करवून, अखेर १९४५ मध्यें ग्रामीण अग्निसंस्था अस्तित्वांत आली. तहान लागल्यावर विहीर खणण्याची म्हण आपली आहे. आचरण मात्र सर्व देशांत सारखेंच दिसतें. २०२० च्या राष्ट्रीय आयोगानें आपल्या ८० शिफारशींत, सेवेस गेलेल्या स्वयंसेवकाची नोकरी जाऊं नये म्हणून कायदा पुरेसा आहे काय हें तपासण्यास सांगितलें आहे. ज्याची उपजीविका दुसऱ्याच्या मर्जीवर आहे, त्याला निष्कामता शिकविण्यापूर्वीं एवढें तरी करावयास हवें होतें.

डिसेंबर २०१९ मध्यें सिडनीच्या नैर्ऋत्येस एक जळतें झाड बंबाच्या वाटेंत कोसळून दोन तरुण स्वयंसेवक मेले. दोघांनाही अगदीं लहान मूल होतें. अंत्यविधीच्या वेळीं बापाच्या सेवेचें पदक त्या अजाण मुलांना देण्यांत आलें. पदक देणाऱ्यांचे डोळे कोरडे नसतील. त्या सोहळ्याला नांवें ठेवण्याचें माझ्या मनांतही नाहीं. पण पदक हें ऋणाची कबुली आहे, फेड नव्हे. आपल्याकडेही संकटांत धांवून गेलेल्या तरुणांना शाल आणि श्रीफळ देऊन आपण मोकळे होतों, आणि पुढल्या संकटांत त्यांच्या हातीं दोर व दिवा आहे काय याची विचारपूस करीत नाहीं.

वक्तेमहाशयांना माझें शेवटचें सांगणें इतकेंच. फळाची आशा धरूं नकोस हा उपदेश कुरुक्षेत्रावर अर्जुनाला केलेला आहे, हस्तिनापुरांत बसलेल्या धृतराष्ट्राला नव्हे. कर्म करणाऱ्यानें फळ मागूं नये असें गीता म्हणते. त्याचें फळ इतरांनीं अडवून ठेवावें असें ती कोठेंच म्हणत नाहीं. निष्कामता हें ज्याचें व्रत, त्यानेंच तें पाळावें. ज्याच्या घराचें रक्षण होतें त्याचें व्रत वेगळें: रक्षकाला साधन द्यावें, त्याच्या चुलीची काळजी वाहावी, आणि तो धोक्याची सूचना देईल तेव्हां ती ऐकावी. एवढें आपण करूं लागलों, म्हणजे पुढच्या व्याख्यानाला टाळ्या वाजविण्यास माझी हरकत राहणार नाहीं.